एका ओट्यावरची दारं

फोन लागेना तेव्हा चेलाला आधी वाटलं, वाऱ्यामुळे असेल. एल पासोसारख्या वाळवंटी शहरात वसंत म्हणजे फुलंबिलं काही नसतं, नुसता वारा. सकाळी उठावं तर खिडकीच्या फटीतून आत शिरलेली वाळू उशीवर, ताटलीत, दातांच्या ब्रशवर. आणि समोरचा डोंगर जागेवर आहे की कुणी उचलून नेला याचाही पत्ता नाही. काल संध्याकाळी तिने फौजेबरोबर परदेशी गेलेल्या एफ्रेनला निरोप पाठवला होता, बाळ आज एकाच बाजूला लाथा मारतंय म्हणून. त्या निरोपापुढे एकच खूण होती. दुसरी उमटली नव्हती. आज सकाळचाही तसाच. ती पोटावर हात ठेवून खिडकीपाशी उभी राहिली आणि वाऱ्याला मनातल्या मनात एक शिवी दिली, कारण वाऱ्याला शिवी देणं सोपं होतं. मग टेशाचा फोन आला. टेशा दोन गल्ल्या सोडून राहते. तिचा नवरा एफ्रेनच्याच पलटणीत, आणि फौजेतल्या बायकांना जे जे माहीत असायला हवं ते सगळं तिला माहीत, शिवाय जे नको तेही.

"तुझा लागतोय का गं?" टेशाने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"नाही. वारा आहे ना इतका."

टेशा म्हणाली, "वारा आपल्याकडे आहे, चेला. त्यांच्याकडे नाही."

एवढंच बोलली आणि पोरांना शाळेत सोडायचंय म्हणून फोन ठेवला. पण चेलाला पुढचं ऐकायची गरज नव्हती. मागे एकदा टेशाकडे कुणाच्या तरी वाढदिवसाला केक खाता खाता तिने हे सगळं ऐकलेलं होतं. तिकडे काही झालं की पलटणीचे सगळे फोन बंद करतात. घरच्यांना बातमी भलत्याच कुणाकडून कळू नये म्हणून. घरी माणसं येतात, ती सांगतात, आणि मगच फोन सुरू होतात. "दोघं येतात," टेशा बोटाला लागलेलं क्रीम चाटत म्हणाली होती, "पूर्ण गणवेशात, बिल्लेबिल्ले लावून. एकटाच आला तर घाबरायचं नाही, तो दुसऱ्याच कामाचा असतो. दोघं दिसले की समजायचं. आणि ते आधी बायकोकडे जातात हं. आईबापांकडे मागाहून. म्हणजे, बायको असेल तर." हे शेवटचं ती चेलाकडे पाहून म्हणाली नव्हती. केककडे पाहून म्हणाली होती. पण तेव्हापासून ते चेलाच्या अंगात मोडलेल्या काट्यासारखं राहिलं होतं. एरवी जाणवत नसे, हात लागला की ठणके. बायको असेल तर.

तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि पुन्हा बाजूला सारला. रस्ता रिकामा होता. समोरच्या घरासमोरचा कचऱ्याचा डबा आडवा होऊन गडगडत चालला होता. तिच्या खिडकीतून ओटा पूर्ण दिसे. ओटा एकच, त्याला मधोमध सिमेंटच्या पायऱ्या, आणि पायऱ्या चढून आलं की समोर दोन दारं: डावीकडचं तिचं, उजवीकडचं दोन्या एर्लिंदाचं, म्हणजे एफ्रेनच्या आईचं; वडीलधाऱ्या बाईला मानाने दोन्या म्हणायचं. एफ्रेनच्या वडिलांनी हे घर बांधताना अर्धं राहायला आणि अर्धं भाड्याने द्यायला असा हिशेब केला होता. बिचारे ते हिशेब करूनच गेले. चेला भाड्याच्या बाजूला राहत होती, आणि भाडं देत नव्हती, आणि या दोन्ही गोष्टींची आठवण तिला अधूनमधून करून दिली जात असे. तिच्या दाराचा पत्र्याचा अंक कधीचाच निखळून कुंडीत पडलेला होता. "आलो की ठोकतो," एफ्रेन म्हणाला होता. अंक नसल्यामुळे तिचं सगळं टपाल उजवीकडच्या दारात जाई, आणि दोन्या एर्लिंदा ते दोन बोटांत धरून आणून देई. "घे. सरकारने तुला पाठवलंय," ती म्हणायची. सरकारने पाठवलेलं म्हणजे दवाखान्याचं कार्ड, तपासण्यांची पत्रं, बाळंतपणाच्या सवलतींची पुस्तिका, जिच्यावर एक हसरी बाई हसऱ्या सैनिकाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. चेलाने त्या बाईकडे इतक्यांदा बघितलं होतं की तिचे दात तिला पाठ झाले होते.

ते सगळं त्या लग्नामुळे आलं होतं. आणि ते लग्न झालं होतं उजवीकडच्या स्वयंपाकघरात, मेणकापड घातलेल्या टेबलावर, एका लॅपटॉपसमोर. एफ्रेन तिकडच्या वाळवंटात होता, ती इकडच्या, आणि लग्न लावणारी बाई तिसऱ्याच कुठल्या राज्यातल्या कचेरीत, जिथे म्हणे अशी लग्नं रांगेने लागतात. तो जाण्यापूर्वी चेलाने त्याला स्वतःहून विचारलं होतं. डोंगरावरच्या वळणाच्या रस्त्यावर गाडी थांबवून दोघं खालचे दिवे बघत बसले होते, ती पाव खात होती आणि तो तिच्या पावातला मऊ गर काढून खात होता. कडा तिच्यासाठी ठेवायची त्याची सवय. "जाण्याआधी करूया का?" ती म्हणाली. तो दिव्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आल्यावर बघू ना, चेला." आल्यावर. अंकही आल्यावर, लग्नही आल्यावर. तो गेला, आणि पुढच्याच महिन्यात तिला कामावर, बेकरीतल्या यीस्टच्या वासाने ओकाऱ्या सुरू झाल्या. बेकरीत पगार होता, दवाखान्याची सोय नव्हती. तिने फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग ऑनलाइन करून टाकू. इथे रेयेसने केलं. अर्ध्या तासात होतं. म्हणजे तुझं सगळं माझ्या नावावर होईल. तपासण्या, बाळंतपण, नंतर बाळाचं पण. बायको म्हणून सगळं मिळतं."

"तुला करायचंय का पण?" तिने विचारलं.

"करतोयच ना?"

हे उत्तर तिने नंतर किती वेळा उलटंपालटं करून पाहिलं होतं. त्यात प्रेम असू शकत होतं. त्यात नुसती सोयही असू शकत होती. एफ्रेन बोलण्यात कंजूष होता हे तिला माहीत होतं आणि त्यावरच ती भाळली होती, पण पोटात मूल असताना माणसाला शब्द लागतात, नुसतं भाळून भागत नाही.

आणि शब्द यायच्या वेळेलाच ते घडलं. दोन्या एर्लिंदा आठवडाभर सांगत होती की असलं टेलिफोनवरचं लग्न ती मानत नाही, पाद्रीबाबांसमोर होईल तेच खरं. पण त्या दिवशी सकाळी ती निळा ठेवणीतला पोशाख घालून, केस सेट करून हजर. हातात प्लॅस्टिकचा डबा. डब्यात तिच्या स्वतःच्या लग्नातला लासो होता: पांढऱ्या मण्यांची दुहेरी माळ, एक वेढा नवऱ्याच्या खांद्यांवर, एक नवरीच्या, आणि मध्ये दोघांच्या पुढ्यात लोंबणारा क्रूस. त्यांच्या लोकांत त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. "पण तो इथे कुठेय, सेन्योरा?" चेला म्हणाली. ती तिला सेन्योरा, म्हणजे नुसतं बाई, म्हणे. आई म्हणायची परवानगी नव्हती आणि सासूबाई म्हणण्याइतकं लग्न झालेलं नव्हतं. "तो डब्यात आहे," दोन्या एर्लिंदाने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "मग डब्यालाच घालू." आणि खरोखरच तिने माळेचा एक वेढा पडद्याच्या दोन्ही कोपऱ्यांवरून घातला आणि दुसरा चेलाच्या खांद्यांवर टाकला, जरा जोरातच टाकला. कचेरीतल्या बाईने असं काही पूर्वी पाहिलेलं नसावं. ती भुवया उंचावून हसली. एफ्रेनही हसला. त्याच्या मागे पत्र्याची भिंत होती आणि भिंतीवर कुणाचा तरी टॉवेल.

चेलाने आपलं हो म्हटलं. स्वच्छ, मोठ्याने, शाळेत हजेरीला म्हणतात तसं. मग बाईने एफ्रेनला विचारलं, आणि चेला ऐकायला पुढे झुकली. माळ ताणली गेली, पडदा अर्धवट खाली झुकला, आणि क्रूस खटकन बटणांवर पडला. आवाज गेला. एफ्रेन दिसत होता, तिरका, कपाळाच्या वर कापलेला. त्याने एका बाजूला पाहिलं, जणू कुणी हाक मारली. मग त्याचे ओठ हलले. मग ते थांबले. दोन्या एर्लिंदा बटणांवर बोटं आपटत होती, आणि आवाज आला तो कचेरीतल्या बाईचा: "हो, मला ऐकू आलं. नोंद झाली. दोघांचं अभिनंदन." रांगेत मागे दुसरं जोडपं वाट बघत होतं. चेलाला म्हणता आलं असतं, थांबा, मी ऐकलं नाही, पुन्हा म्हणायला सांगा. पण तिला लाज वाटली. लग्नात नवऱ्याला पुन्हा म्हण असं कोण सांगतं? ती नुसती हसत राहिली, खांद्यावर माळ घेऊन, आणि पडदा काळा झाला.

नंतर फोनवर एकदा तिने विचारलं, "तू तेव्हा काय म्हणालास रे?" तो म्हणाला, "काय म्हणणार? जे म्हणतात ते." ती म्हणाली, "आत्ता म्हण ना." तो हसला. "इथे दहा जण बसलेत, चेला." त्या हसण्यात तो तिला इतका जवळचा वाटला की तिने विषय सोडला. पण सोडलेला विषय घरातच राहतो, कोपऱ्यात. त्याने बाजूला का पाहिलं? हो म्हणायच्या आधी माणूस बाजूला का पाहतो?

मधलं दार उघडलं. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये एक दार होतं आणि त्याची किल्ली फक्त पलीकडून होती. दोन्या एर्लिंदाने ते कधी वाजवलं नव्हतं. ती आत आली, हातात झाकण घातलेलं पातेलं, आणि पातेलं शेगडीवर ठेवताना म्हणाली, "खिडकीत काय उभी आहेस? वाऱ्यात बाळाला काही दिसत नाही."

"फोन लागत नाहीये, सेन्योरा."

"माहीत आहे." ती चमचा शोधत होती. "मलाही नाही लागत. सूप आहे, कोंबडीचं. खा. उभ्या उभ्या नको खाऊस, तिखट जास्त झालंय, ठसका लागेल."

चेला टेबलाशी बसली. दोन्या एर्लिंदा बसली नाही. ती कधीच या बाजूला बसत नसे. शेगडीच्या ओट्याला टेकून उभी राही, घर बघायला आलेल्या माणसासारखी. तिच्या मनगटावर पीठ होतं. म्हणजे तीही सकाळपासून हात कशात तरी गुंतवत होती. चेलाला एकाएकी वाटलं, हिला विचारावं. हिच्याइतकं दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही.

"एफ्रेनने तिथे कुणाचं नाव दिलं असेल?"

"कशाला?"

"म्हणजे... कुणाला कळवायचं ते."

दोन्या एर्लिंदाचा हात ओट्यावर थांबला. "असलं बोलू नये," ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलावं तशी, "भरती झाला तेव्हा माझं दिलं होतं. पलीकडे माझ्या टेबलाशी बसून. मम्मा, तुझं नाव लिहिलं बघ, म्हणाला. वीस वर्षांचाही नव्हता."

"नंतर बदललं असेल. लग्न झाल्यावर बदलावं लागतं. त्याने सांगितलं मला, केलं म्हणून."

"सांगितलं ना? मग झालं तर."

"तुम्हाला नाही खरं वाटत."

"मला काय वाटायचंय, मुली?" दोन्या एर्लिंदाने पदरासारखा एप्रन झटकला. "लग्न झाल्यापासून तू त्याच्या हातालाही हात लावलेला नाहीस. पोट आधीचं, लग्न नंतरचं, आणि नवरा डब्यात. तो हो म्हणाला म्हणतात. माझ्या कानांनी तर काही ऐकलं नाही. तू ऐकलंस?"

चेलाच्या तोंडात सूप होतं. ते गिळायलाच तिला वेळ लागला. "माळ तुम्हीच घातलीत," ती म्हणाली. "तुमच्या माळेने गेला आवाज."

हे तिने कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दोन्या एर्लिंदा तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे एफ्रेनचेच होते, तेच जाड काळ्या पापण्यांचे, आणि त्यात राग नव्हता, काहीतरी दुसरंच होतं, जे चेलाला त्या वेळी नको होतं. "माझी माळ," ती म्हणाली, "माझ्या आईने घातली होती मला. उगाच कुणालाही घालायला काढत नाही मी." आणि पातेल्यावर झाकण ठेवून ती मधल्या दाराने निघून गेली. पलीकडून किल्ली फिरल्याचा आवाज आला. मग तिच्या बहिणीशी फोनवर बोलताना तिचा आवाज भिंतीतून येत राहिला, आणि त्यातले दोन शब्द चेलाला ओळखू आले, कारण ते नेहमीचे होते: शेजारची मुलगी. शेजारच्या मुलीने खाल्लं. शेजारच्या मुलीचे पाय सुजलेत.

तिने सूप संपवलं. भूक नव्हती, पण बाळाला होती. फौजेच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेली तेव्हा काउंटरवरच्या माणसाने हाक मारली होती, मिसेस लुहान, आणि चेलाने वळून मागे पाहिलं होतं, दोन्या एर्लिंदा आली की काय म्हणून. मग लक्षात आलं, ते आपणच. तिने कार्ड पुढे केलं. त्या माणसाने कार्डाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे, तुम्हाला सगळं मिळेल. सगळं मिळालं. गोळ्या मिळाल्या, सोनोग्राफी मिळाली, बाळाचं धडधडणारं काळीज एका काळ्या खोलीत ऐकायला मिळालं. आसपास बायका होत्या, कुणाचा नवरा शेजारी पेंगत होता, कुणाचा फोनवर खेळत होता, आणि चेलाला सारखं वाटत होतं की आपण बिनआमंत्रणाचं पंगतीत बसलोय, आता कुणीतरी वाढता वाढता थांबेल आणि विचारेल, तुम्ही कुणाकडच्या? पण विचारलं कुणी नाही. सरकारने ऐकलं होतं, सरकार खूष होतं. जगात फक्त दोन माणसांनी ते हो ऐकलं नव्हतं आणि त्या दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होत्या.

दुपारी वारा वाढला. आकाश मक्याच्या पिठासारखं पिवळं झालं आणि रस्त्याचं दुसरं टोक दिसेनासं झालं. टेशाने निरोप पाठवला: माझ्या गल्लीत काही नाही. तुझ्या? चेलाने लिहिलं, नाही. मग ती त्या निरोपाकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला काय हवंय. आपल्याला हवंय की गाडी टेशाच्या गल्लीत वळावी. टेशा, जिने तिला बाळाचे कपडे दिले, पाळणा दिला. टेशाची दोन पोरं. तरी हवंय. आणि टेशा तिकडे बसून हेच मागत असेल, चेलाच्या गल्लीत, देवा, चेलाच्या. सगळ्या पलटणीच्या बायका आपापल्या खिडक्यांत उभ्या राहून एकमेकींची घरं देवाला दाखवत असतील. तिला स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून मागणं थांबलं नाही.

आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, आणखी एक गोष्ट होती, ती तिने सकाळपासून बघायची टाळली होती. जर आलेच, तर कुठल्या दाराशी जातील? ती विचार करत होती तो एफ्रेनचा नव्हता, एफ्रेनच्या पायांचा, हातांचा, त्या गर काढणाऱ्या बोटांचा नव्हता. दारांचा होता. ते उजवीकडे गेले तर एफ्रेनने तिचं नाव दिलंच नाही, दवाखान्यापुरती बायको, कार्डापुरती. डावीकडे आले तर. डावीकडे आले तर तो बाजूला पाहून का होईना हो म्हणाला होता, आणि ते खरं होतं. म्हणजे तिला खात्री हवी असेल तर ती एकाच तऱ्हेने मिळणार होती. तिने खिडकीची चौकट घट्ट धरली. मला खात्री नको, ती मोठ्याने म्हणाली, मला कार्ड नको, काही नको. घरात कुणी नव्हतं. पोटात बाळाने एकदा जोरात ढुशी दिली आणि ते शांत झालं.

गाडी कधी आली ते तिला कळलं नाही. धुळीतून आधी दिवे दिसले, दुपारी लावलेले दिवे, मग पांढरं बॉनेट, मग गाडी इतकी सावकाश आली की जणू तिला घर सापडू नये असं वाटत होतं. समोरच्या घरापुढे ती थांबली. चेलाने श्वास घेतला: समोर, समोरच्यांकडे. समोर एक म्हातारं जोडपं राहत होतं, त्यांचं फौजेत कुणीच नव्हतं. गाडी पुन्हा हलली आणि ओट्याच्या पायऱ्यांपाशी येऊन उभी राहिली. एक दार उघडलं. एक माणूस उतरला, गडद गणवेश, टोपी हाताने दाबून धरलेली. एकटा आहे, चेलाने स्वतःला सांगितलं, एकटा आहे, एकटा. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि एक बाई उतरली.

पायऱ्या चढताना दोघांनी वाऱ्याकडे पाठ केली होती. ओट्यावर आल्यावर ती दोघं थांबली. चेला पडद्याआड होती, हाताच्या अंतरावर. पुरुषाच्या टोपीच्या कडेला साचलेली वाळू तिला दिसत होती. त्याने डावीकडच्या दाराकडे पाहिलं, जिथे अंक नव्हता. उजवीकडच्या दाराकडे पाहिलं, जिथे होता. आणि उजवीकडे वळला.

टकटक भिंतीतून ऐकू आली. चेलाच्या मनात सगळ्यात आधी दुःख आलं नाही. आधी आला अपमान, गरम, कानापर्यंत चढणारा. त्याने नाही दिलं नाव. खोटं बोलला. शेजारची मुलगी ती शेजारची मुलगीच. आणि मग त्या अपमानाच्या मागून, उशिरा, दरवाजा चुकलेल्या पाहुण्यासारखं ते आलं की एफ्रेन आता येणार नाही. अंक ठोकायला येणार नाही. ती पडद्यासकट खुर्चीत बसली.

पलीकडचं दार उघडल्याचा आवाज झाला. वारा होता तरी ओट्यावरचं बोलणं उघड्या फटीतून तुटक तुटक येत होतं.

"मिसेस लुहान?" पुरुषाचा आवाज.

मग दोन्या एर्लिंदा. "कुठली?"

"मिसेस ग्रासिएला लुहान."

चेलाने स्वतःचं नाव ऐकलं. अख्खं नाव, जे शाळेनंतर फक्त त्या कचेरीतल्या बाईने घेतलं होतं. म्हणजे दिलं होतं. त्याने दिलं होतं, कुठल्याशा पत्र्याच्या खोलीत बसून, आईचं नाव खोडून. आणि तिच्या छातीत काहीतरी उसळलं. तो आनंद होता, त्याला दुसरं नाव नव्हतं. एक क्षणच होता. तेवढा पुरला. पुढे कित्येक वर्षं त्या क्षणासाठी ती स्वतःला माफ करणार नव्हती.

"मी त्याची आई," दोन्या एर्लिंदा म्हणत होती. "मला सांगा. मी आई आहे."

"बाईसाहेब, आम्हाला आधी त्यांच्या पत्नीशी बोलावं लागतं. माफ करा."

वाऱ्याने ओट्यावरची कुंडी सरकवली. आता ही भांडेल, चेलाला वाटलं. म्हणेल, कसली पत्नी, टेलिफोनवरची. म्हणेल, मी वाढवला, मी भरती होताना पाहिला. तिला हक्क होता. तिच्या हातावर पीठ होतं, तिच्या डब्यात माळ होती. चेला वाट बघत राहिली, आणि मनात म्हणत राहिली, भांडा, सेन्योरा, तुम्हीच ऐका, ते तुमचंच आहे, माझ्यापर्यंत नका आणू.

"दार चुकलात," दोन्या एर्लिंदा म्हणाली. "अंक पडलाय तिचा. माझी सून इकडे राहते."

पावलं ओट्यावरून आली. मधलं दार होतं, किल्ली तिच्याकडे होती. ती आजवर त्याच दाराने आली होती, न विचारता, पातेली घेऊन, टपाल घेऊन. आज ती ओट्यावरून फिरून आली आणि तिने दार वाजवलं. बोटातल्या अंगठीचा लाकडावर होणारा आवाज चेलाने पहिल्यांदा ऐकला. "मिहा," बाहेरून ती म्हणाली, पोटच्या मुलीला म्हणतात तसं, "दार उघड. मी आहे सोबत."

चेला उठली. पोटाने तिला खाली ओढलं, ती खुर्चीला धरून उठली आणि तिने दार उघडलं. वारा आत घुसला, टेबलावरची पुस्तिका फडफडत खाली पडली, आणि उंबऱ्यापलीकडे तिघं उभी होती, तिघांचेही डोळे धुळीने बारीक झालेले. पुरुषाने टोपी काढून काखेत धरली. त्याचं वय एफ्रेनइतकंच होतं. त्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण होती.

"तुम्ही सार्जंट एफ्रेन लुहान यांच्या पत्नी का?" त्याने विचारलं.

इतके महिने हेच कुणीतरी विचारावं म्हणून ती थांबली होती. दवाखान्यात, दुकानात, या ओट्यावर. कुणी विचारलं असतं तर ती कशी ताठ उभी राहून सांगणार होती, तेही तिने ठरवलं होतं. आणि आता तिला दिसत होतं की तो माणूस थांबलाय. त्याच्या तोंडात पुढचं वाक्य तयार आहे, पाठ केलेलं आहे, पण तिच्या उत्तराशिवाय त्याला ते बोलता येत नाही. ती जोपर्यंत हो म्हणत नाही तोपर्यंत तिकडे वाळवंटात एफ्रेन कुठेतरी पावाचा गर काढत बसलाय. ती नाही म्हणू शकते. ती म्हणू शकते, मी शेजारची मुलगी. तिने बाजूला पाहिलं. तिथे दोन्या एर्लिंदा होती, एप्रनमध्ये, केस वाऱ्याने उभे राहिलेले, आणि एफ्रेनचे ते डोळे तिच्याकडे लागलेले. आणि चेलाला कळलं की हो म्हणायच्या आधी माणूस बाजूला का पाहतो. घाबरतो म्हणून पाहतो. एवढंच. कुणी आपलं आहे का बघतो.

तिचे ओठ हलले.

वाऱ्याचा मोठा झोत ओट्यावरून गेला, रस्त्यावरचा डबा पुन्हा कुठेतरी आपटला. तो तरुण माणूस जरा पुढे झुकला. "माफ करा," तो म्हणाला, "मला ऐकू आलं नाही."

चेलाने दाराची चौकट धरली. दोन्या एर्लिंदाने उंबरा ओलांडला, तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पिठाचा हात तिच्या खांद्यांवरून पलीकडे टाकला.

"मला आलं," ती म्हणाली. "ती हो म्हणाली. आता सांगा."